मोंबासाहून खारवाडीला

मी कुणाबद्दल लिहावं एवढा मोठा नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराखेरीज सलग दोन पानं कुणी लिहिलेली नाहीत, आणि ते पेपरही मीच पहिल्यांदा लिहिले. शिवाय ज्या बाईंबद्दल लिहितोय त्यांना मी जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो. त्यांना चाळीस-चाळीस वर्षं ओळखणारी माणसं मुलुंडमध्ये आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं. तसं मी एकदोघांना म्हटलंही. "हो, लिहायला हवं कुणीतरी," असं म्हणून ते चहा प्यायला लागले. म्हणून मी लिहितोय. चुकलं तर माफ करा. ज्या गोष्टी मला कळल्या नाहीत त्या कळल्यासारख्या लिहिणार नाही, एवढंच आधी सांगतो. अशा गोष्टी बऱ्याच आहेत.

बाईंचं नाव सुमन ओगले. मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. मी त्यांचा शाळेतला विद्यार्थी नव्हतो. मी भांडुपचा, डोंगराकडच्या वस्तीतला. वडील शाळेची बस चालवतात. बीएच्या दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी सांगितलं की आपल्या भागातलं काहीतरी बघा आणि दहा पानांचा प्रकल्प करा. मुलुंडच्या एका हॉलमध्ये टपाल तिकिटांचं प्रदर्शन लागलं होतं. आत पंखे होते आणि गर्दी नव्हती, म्हणून मी गेलो.

एका फ्रेमसमोर मी उभा होतो. पाठीमागून आवाज आला, "काय दिसतंय?"

वळून बघितलं तर बुटक्या, सुती साडी नेसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई. फ्रेम त्यांचीच होती, हे मला नंतर कळलं.

"तिकीट आहे, मॅडम. जरा फाटलंय."

"तिकिटाकडे कोण बघतंय? शिक्के मोज. किती?"

"तीन."

"पाच. दोन मागच्या बाजूला आहेत. त्यांचा फोटो खाली लावलाय, तो तू बघितलाच नाहीस. पुढून पत्ता, मागून प्रवास. आता सांग, हे पत्र बोटीने आलं की विमानाने?"

"विमानाने. तसं लिहिलंय त्यावर."

"लिहिलंय!" बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की मी घाबरलो. पलीकडच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना त्या म्हणाल्या, "मेहता, ऐकलंत का, हा म्हणतो लिहिलंय!"

मेहताकाका त्यांच्या तिकीटसंग्राहकांच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, "बेटा, माझ्या दुकानावर पण लिहिलंय, रविवारी बंद. रविवारी पण मी तिथंच बसलेला असतो."

मग बाईंनी मला समजावलं. पाकिटावरचं विमानाचं लेबल म्हणजे पाठवणाऱ्याची इच्छा. पत्र खरोखर कसं गेलं ते शिक्क्यांच्या तारखा सांगतात. कुठल्या बंदरातून कधी निघालं, कुठे पोचलं, मध्ये किती दिवस गेले. त्या दिवसांत बोट बसते की विमान बसतं, ते बघायचं. टपालाचा इतिहास म्हणजे एवढंच, असं त्या म्हणाल्या. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण आमच्या कॉलेजात मला एवढा वेळ कुणी काही समजावलं नव्हतं. मी त्यांचा पत्ता घेतला.

बाई एकट्या राहत. घर दुसऱ्या मजल्यावर. गेल्या गेल्या हात धुवायचे आणि पंख्याखाली पाच मिनिटं हात पसरून बसायचं. ओलसर हात पाकिटाला लागलेला त्यांना चालत नसे. चहा स्वयंपाकघरात, तोही उभ्याने. टेबल असलेल्या खोलीत पाण्याचा पेलासुद्धा न्यायचा नाही. शाळेने टाकून दिलेला जगाचा मोठा नकाशा त्यांनी घरी आणला होता. तो भिंतीवर मावत नव्हता म्हणून पलंगावर पसरलेला असे. पलंगावर हिंदी महासागर असल्यामुळे बाई सोफ्यावर झोपत. "पाय दुमडावे लागतात," त्या म्हणायच्या, "पण एडनला सुरकुती पडत नाही."

त्यांचा एक नियम मला अजून कोड्यासारखा वाटतो. पाकिटात पत्र असलं तरी त्या ते वाचत नसत. एकदा मी एक घडी उलगडायला गेलो तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"पत्र त्यांचं. पाकीट आपलं."

"पण बाई, ती माणसं आता नाहीत."

"म्हणून काय झालं? माझ्या मागे माझी पत्रं तू वाचशील?"

मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर वाचली असती.

दर पंधरा दिवसांनी बाई स्वतःलाच एक पत्र पाठवत. टपाल किती दिवसांत येतं ते त्यांना बघायचं असे. मी एकदा बरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारला तो अर्धा उमटला. बाईंनी पाकीट परत सरकवलं.

"नीट मारा. शंभर वर्षांनी कुणीतरी वाचणार आहे हा."

"मॅडम, शंभर वर्षांनी मी रिटायर झालेलो असेन."

"म्हणून तर आज नीट मारा."

त्या माणसाने मान हलवली, शिक्का शाईत दोनदा दाबला आणि एवढा सुंदर मारला की बाईंनी त्याला दाखवून त्याची स्तुती केली. रांगेतला एक जण म्हणाला, "आजी, आता फ्रेम करणार काय त्याची?" बाई म्हणाल्या, "हो."

आता माझ्याकडून झालेली गोष्ट. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ बोटीवर इंजिनखान्यात होते. आम्ही त्यांना बोटीवाले आजोबा म्हणायचो. त्यांनी कुठून कुठून पाठवलेली तीसेक पाकिटं आमच्या पत्र्याच्या पेटीत होती. बाईंना खूश करावं म्हणून मी एका दुपारी ती सगळी बादलीत भिजत घातली, तिकिटं हळूच सोडवली आणि वर्तमानपत्रावर वाळत ठेवली. आई म्हणाली, "ह्या काय मांडलंस रे? पापड घातलंस काय?" तिकिटं वाळल्यावर वहीत ओळीने चिकटवली आणि बाईंकडे नेली.

त्यांनी वही शेवटपर्यंत चाळली. "छान चिकटवलीस," म्हणाल्या. मग विचारलं, "पाकिटं?"

"टाकली. ओली झाली होती."

"कुठे टाकलीस?"

"कचऱ्यात. परवा."

बाई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा हातात दोन कप होते आणि ते त्यांनी टेबलावर ठेवले. ज्या टेबलाजवळ पाणी चालत नसे तिथे. आम्ही बसून चहा प्यायलो. मला वाटलं त्यांना तिकिटं फारच आवडली.

मी काय केलं होतं ते मला दोन महिन्यांनी, त्यांच्याच हाताखाली शिकताना कळलं. पाकीट गेलं की मागचे शिक्के गेले, पत्ता गेला, तारखा गेल्या. तीस प्रवास मी बादलीत धुतले होते. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही ओरडला का नाहीत?"

"ओरडले असते तर पुन्हा आला असतास का?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण आठवडाभर मला जेवण गेलं नाही, हे सांगून ठेवते."

बाईंचं स्वतःचं प्रदर्शन पाच फ्रेमचं होतं. एका फ्रेममध्ये सोळा पानं, अशी ऐंशी पानं. पूर्व आफ्रिकेतून कोकणात आलेलं टपाल, आधी बोटीने आणि मग विमानाने. पंधरा वर्षं त्या ते घडवत होत्या. मोठ्या प्रदर्शनात दोनदा रौप्यपदक मिळालं होतं. दोन्ही वेळा परीक्षकांचं म्हणणं एकच, की मांडणी उत्तम आहे, पण नवीन शोध काय? आणि नवीन शोध बाईंकडे होता; आधी तो एका ओळीत दबलेला होता, यंदा त्याला पूर्ण पान दिलं होतं. ते एक पाकीट होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मोंबासाहून मालवणकडच्या खारवाडी नावाच्या वाडीला आलेलं. त्या आठवड्यांत तिकडचं विमानटपाल बंद पडलेलं होतं, असं सगळे जाणकार मानत. बाईंचं म्हणणं, ते चालू होतं आणि हे पाकीट त्याचा पुरावा आहे. मोंबासाचा शिक्का सहा मार्चचा. मागे मुंबईचा शिक्का, त्यात वीस हा आकडा स्वच्छ होता आणि महिना शाईत बुडालेला. बाईंनी तो मार्च वाचला होता. चौदा दिवस. युद्धात बोटीला एवढ्या दिवसांत येणं शक्य नव्हतं.

"यंदा सोनं," मेहताकाका म्हणायचे. "ओगलेबेन, पार्टी पाहिजे आपल्याला."

"आधी मिळू दे. ही शेवटची खेप आहे, मेहता. पुढच्या वेळी डोळे नसतील."

डोळ्यांचं खरं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. म्हणूनच पानांवरचा मजकूर शेवटचा तपासायचं काम त्यांनी मला दिलं. मी शब्द तपासत होतो. मोंबासाच्या पाकिटाच्या पानावर एक ओळ होती, 'मागे आणखी एक शिक्का, अवाचनीय.' मी सहज फोनने त्या शिक्क्याचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. गावाच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं आणि शेवटचं एक एवढंच दिसत होतं. बाईंनी ती अक्षरं खारवाडीशी जुळवून बघितली असणार आणि ती जुळली नसणार. जुळणारच नव्हती. माझ्या आईचं माहेर तिथून जवळ आहे. खारवाडीला कधी टपाल कार्यालय नव्हतं. तिथलं टपाल खाडीपलीकडच्या भरडगावातून येतं. ती अक्षरं भरडगावची होती. आणि तारीख होती चोवीस मे.

मुंबईहून तिथे पत्र चार दिवसांत जायचं. मार्चमध्ये मुंबईला आलेलं पत्र दोन महिने पडून का राहील? म्हणजे मुंबईच्या शिक्क्यातला बुडालेला महिना मार्च नव्हता, मे होता; वीस मे. म्हणजे चौदा दिवस नव्हेत, अडीच महिने. म्हणजे पाकीट बोटीने आलं होतं, आणि बाईंचा शोध हा शोधच नव्हता.

मी तीन आठवडे काही बोललो नाही. मी आईला फोनवर मामाला विचारायला लावलं. मामा म्हणाला, "होय तर, भरडगावसूनच येता." मला वाटलं आपण बघितलंच नाही असं समजावं. मग वाटलं, मी बादलीत पाकिटं धुतली तेव्हा चहा देणाऱ्या बाई आहेत त्या, त्यांना फसवायचं कसं? आणि लगेच वाटलं, त्यांना सांगायचं तरी कसं? कुठली गोष्ट बरोबर हे मला तेव्हा कळलं नाही. आताही नक्की सांगता येणार नाही.

शेवटी एका सकाळी सांगितलं. हात वाळवत पंख्याखाली बसलो होतो, तसंच.

"बाई, खारवाडीला पोस्ट नव्हतं."

पुढचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. पाकीट काढलं, भिंग काढलं, खिडकीपाशी गेल्या. दहा मिनिटं तरी गेली असतील.

"चोवीस मे," त्या म्हणाल्या. "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे." त्यांनी भिंग डबीत ठेवलं. "मेहतांना सांगितलंस?"

"कुणालाच नाही. बाई, कुणाला कळणारही नाही. खारवाडीचं टपाल कुठून येतं हे परीक्षकांना कुठून माहीत असणार?"

"मला कळलं ना आता."

मी म्हटलं, "मी चुकलो का?"

"तू आता जा."

"बाई, मी..."

"जा म्हटलं ना."

एरवी त्या जिन्यापर्यंत सोडायला यायच्या आणि वरून ओरडून सांगायच्या की रस्ता ओलांडताना फोन बघू नकोस. त्या दिवशी दार लगेच बंद झालं.

त्यानंतर मी तीनदा गेलो. दोन वेळा कुलूप होतं. तिसऱ्या वेळी कुलूप नव्हतं आणि आतून रेडिओ ऐकू येत होता. मी दोनदा बेल वाजवली. दार उघडलं नाही. फोन केले ते उचलले नाहीत. मेहताकाकांच्या दुकानात जायचं धैर्य झालं नाही. माझ्यामुळे बाईंचं सोनं गेलं, हे त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल असं वाटायचं. मग तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा आल्या, वडिलांचं पाठीचं दुखणं निघालं, आणि मी जाणं सोडलं. सोडलं हाच शब्द खरा आहे.

एकदा दिसल्या. मुलुंड पूर्वेला मी नोकरीचा अर्ज झेरॉक्स करायला थांबलो होतो. समोरून रिक्षा आली आणि सिग्नलला उभी राहिली. आत बाई. मांडीवर कापडी पिशवी, चष्मा कपाळावर आणि एक वही नाकाला टेकेल एवढी जवळ धरलेली. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असाव्यात. मी हात अर्धा वर केला. त्यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि माझ्या दिशेने बघितलं. मला बघितलं की नुसतंच बघितलं, ते सांगता येत नाही. एवढ्या लांबचं त्यांना दिसत नसे. दिव्याचा रंग बदलला आणि रिक्षा गेली.

त्याला चार-पाच महिने झाल्यावर मेहताकाकांचा फोन आला. नंबर त्यांनी माझ्या कॉलेजातून मिळवला होता.

"संदेशच ना तू? मेहता बोलतो. अरे कुठं गायब झाला तू? ओगलेबेनचं प्रदर्शन झालं, तुला माहीत तरी हाय?"

मी नाही म्हटलं. मिळालं का सोनं, असं विचारायला तोंड उघडेना.

"ब्राँझ. पहिल्यांदा ब्राँझ! आणि मिळणार काय दुसरं? ते मोंबासावालं पान हाय ना, ते तिने बदललंच नाय. जुनं लिहिलेलं तसंच ठेवलं, त्यावर हाताने रेघ मारली, आणि खाली लिहिलं, हे माझं वाचन चुकीचं होतं, पत्र समुद्रमार्गे आलं. जज बोलला, मॅडम, नवीन पान टाइप का नाही केलं, मार्क कापावे लागतात खाडाखोडीचे. तर ही काय बोलली माहीत हाय? बोलली, पंधरा वर्षं मी हे सगळ्यांना चुकीचं दाखवलं, आता दुरुस्ती काय कपाटात बसून करू?"

मी विचारलं, "माझ्यावर रागावल्या होत्या का?"

"तुझ्यावर? कशाला?"

"मी तीनदा गेलो होतो घरी. दार उघडलं नाही."

"घरी होती कुठं ती? रोज सकाळी डबा घेऊन टाऊनला लायब्ररीत. जुने पेपर बघायला. बंदरात कुठल्या दिवशी कुठली बोट लागली, ते एकेक दिवसाचं लिहून घ्यायची. पत्र बोटीने आलं तर कुठल्या बोटीने, ते नको सांगायला?"

"पण एकदा आत रेडिओ चालू होता, काका."

"ते मला नाय माहीत, बेटा."

"बोट सापडली?"

"नाय ना. पानावर 'बोटीचं नाव' लिहून पुढं जागा मोकळी सोडली होती. प्रदर्शनात पण तशीच. मी बोललो, ओगलेबेन, झालं ना आता, मेडल मिळालं जे मिळायचं ते, कशाला डोळे फोडते? ऐकते कुठं? दुसऱ्या दिवशी परत टाऊनला."

मी म्हटलं, "मी उद्या जातो त्यांच्याकडे. जुने पेपर मी वाचून दाखवीन."

दुकानातल्या माणसाला मेहताकाकांनी आवाज कमी करायला सांगितलं ते मला ऐकू आलं.

"तेच सांगायला फोन केला रे. बारा दिवस झाले. सकाळी निघाली होती टाऊनला. पहिल्या मजल्यापर्यंत उतरली, जिन्यात बसली, ती बसलीच. पिशवीत डबा होता आणि वही होती. वही माझ्याकडे हाय, ये आणि घेऊन जा. सहा मार्चपासून रोजच्या बोटी लिहिल्यात तिने. सतरा मेपर्यंत आली होती."